सही म्हणजे पोच, कबुली नव्हे

पत्राचा गोषवारा: डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, वयाने ७८ वर्षांचे असून रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या जुन्या माडीवर भाड्याने राहतात. जागा अण्णांच्या वडिलांपासून या कुटुंबाकडे आहे आणि भाडे महिना ४५० रुपये आहे. थोरले मालक वारल्यावर भाडे न्यायला कोणी आले नाही, अण्णांनीही ते कोणाला नेऊन दिले नाही, आणि अशी दोन वर्षे गेली. पाच महिन्यांपूर्वी धाकट्या मालकांच्या वकिलांचा लखोटा टपालाने आला. अण्णांनी तो न घेता परत पाठवला. पत्र लिहिण्याच्या ४१ दिवस आधी न्यायालयाचा बेलीफ समन्स घेऊन आला. अण्णांनी सही करण्यास नकार दिला, तेव्हा बेलिफाने खालच्या दुकानदाराला बोलावून समन्स दारावर चिकटवले. तो जिना उतरताच अण्णांनी ते फाडून पाणी तापवायच्या बंबात घातले. भगिनींच्या यजमानांचे मत असे, की सही झालेली नाही, शिवाय आडनावात एक अक्षर चुकले आहे, म्हणून बजावणीच (समन्स रीतसर पोचवणे) झालेली नाही आणि आपण गप्प राहावे. धाकट्या मालकांनी त्यांना 'पुढच्या तारखेला काकांना घेऊन या' असा व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवला होता. तो वाचूनही त्यांनी उत्तर दिलेले नाही. अण्णा म्हणतात, 'आपण कूळ आहोत, कुळाला कोणी काढू शकत नाही.' भाड्याच्या पावत्या २०२१ च्या पुरात गेल्या. आता न्यायालयात गेलो तर बजावणी मान्य केल्यासारखे होईल का, आणि अण्णांचा मान राखून हे कसे निभावावे, असे भगिनी विचारतात.

ताई,

उत्तर लांब आहे, म्हणून घाईचे तेवढे आधी सांगतो. गप्प राहू नका. याच आठवड्यात तालुक्याच्या न्यायालयात वकिलामार्फत हजर व्हा आणि अण्णांकडे येणे असलेले सगळे भाडे व्याजासह तेथे भरण्याची तयारी ठेवा. तुमच्या हातात जे दिवस आहेत ते तुम्हाला वाटतात त्याहून कमी आहेत, आणि ते का कमी आहेत हे कळले की तुमच्या घरातला वाद बराचसा आपोआप मिटेल.

तुमच्या पत्रात एक समजूत सगळ्यांच्या बोलण्याखाली आहे, अण्णांच्या आणि यजमानांच्याही: कागदावर सही केली नाही तर कागद आपल्याला लागू होत नाही. ही समजूत खुळी म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. ज्या पिढीने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवल्याचे परिणाम घरात भोगले, सातबाऱ्यावरची नावे एका सहीने इकडची तिकडे झालेली पाहिली, त्या पिढीने सहीला भ्यावे हे योग्यच होते. पण बेलीफ जी सही मागतो ती वेगळ्या जातीची आहे. 'हा कागद मला अमुक तारखेला मिळाला' एवढेच ती सांगते. त्यातला मजकूर खरा आहे, भाडे थकले आहे, जागा सोडायची आहे, यातले काहीही तिच्यात येत नाही. ती पोच आहे, कबुली नव्हे. अण्णांनी त्या दिवशी सही केली असती तर त्यांनी काहीच गमावले नसते, उलट दाव्याची प्रत हातात आली असती आणि मालक नेमके काय म्हणतात हे आज आपल्याला अंदाजाने बोलावे लागले नसते.

आता पाच महिन्यांपूर्वीचा लखोटा आणि ४१ दिवसांपूर्वीचे समन्स हे दोन वेगळे कागद आहेत, त्यांचे कायदेही वेगळे आहेत, आणि तुमच्या घरात मात्र दोन्हींना 'कोर्टाचा कागद' असे एकच नाव पडलेले दिसते. लखोटा न्यायालयाचा नव्हता. बहुधा ती मालकांच्या वकिलांची भाडे मागणीची नोटीस होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आपल्या राज्याचा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्याचे कलम १५ असे सांगते, की भाडे थकले म्हणून मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती भाडेकरूला पोचल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. ती कशी पोचवायची हे या अधिनियमाने स्वतः न लिहिता मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ कडे बोट दाखवले आहे: टपालाने, किंवा प्रत्यक्ष हातात, किंवा राहत्या घरी कुटुंबातील कोणाच्या अथवा नोकराच्या हाती, आणि यातले काही जमण्यासारखे नसेल तर जागेच्या ठळक भागावर चिकटवून. टपालाने बरोबर पत्त्यावर पाठवलेला लखोटा 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आला, तर तो पोचला असेच न्यायालये सर्वसाधारणपणे गृहीत धरतात; तसे नव्हते हे दाखवण्याचा भार नाकारणाऱ्यावर येतो. अण्णांनी स्वतः पोस्टमनला नको म्हटले असेल तर हा भार उचलणे कठीण आहे.

समन्स ही न्यायालयाची वस्तू आहे आणि तिची बजावणी राज्याच्या भाडे कायद्याने नव्हे, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ५ ने चालते. शक्य तेथे समन्स प्रतिवादीच्या स्वतःच्या हाती द्यायचे. तो घरी नसेल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला द्यायचे, मग ती स्त्री असो वा पुरुष. घरकामाची बाई किंवा गडी त्यात धरत नाहीत, असे संहितेतच स्पष्ट म्हटले आहे. वकिलाची नोटीस गड्याच्या हाती दिलेली चालते, न्यायालयाचे समन्स चालत नाही, हा फरक मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आणि प्रतिवादी समोर असून सही करण्यास नकार देत असेल, तर नियम १७ नुसार बेलिफाने समन्सची प्रत राहत्या घराच्या बाहेरच्या दारावर किंवा अन्य ठळक जागी चिकटवायची, आणि कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले, चिकटवताना कोण हजर होते, हे नावपत्त्यासह लिहून न्यायालयाला अहवाल द्यायचा. तुम्ही जे वर्णन केले आहे ते या नियमाचे जवळपास पाठ्यपुस्तकातले उदाहरण आहे. खालच्या दुकानदाराचे नाव त्या अहवालात असणार. अण्णा त्याला मालकाच्या बाजूचा म्हणत असतील, तर त्यांना एवढे सांगा की त्याने बाजू घेतलेली नाही. बेलिफाने विचारले तेव्हा त्याने घर दाखवले आणि दारावर कागद लागताना पाहिला. शेजारधर्म त्यामुळे मोडू नये. उद्या अण्णांना काही झाले तर जिना चढून पहिला तोच येणार आहे.

आडनावातल्या चुकलेल्या अक्षराबद्दल यजमानांना फार आशा वाटते आहे, ती मला वाटत नाही. चुकीच्या माणसावर बजावणी झाली असती तर गोष्ट वेगळी होती. येथे माणूस तोच, घर तेच, दारही तेच. समजा उद्या एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत न्यायालयाचा निकाल, झाला आणि तुम्ही तो रद्द करून घ्यायला याच संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली गेलात, तर तेथेच एक अट वाट पाहत बसलेली आहे: प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता अशी न्यायालयाची खात्री झाली, तर केवळ बजावणीत काही अनियमितता होती एवढ्यावरून हुकूमनामा रद्द होत नाही. अण्णांनी कागद फाडला हे दुकानदाराने पाहिलेले असू शकते. यजमानांच्या फोनवर तारखेचा निरोप वाचल्याची खूण आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१८ मध्ये एका प्रकरणात, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पोचून उघडली गेल्याचे त्या निळ्या खुणांवरून दिसते, असे मान्य केले होते. तुमच्या प्रकरणात निरोप प्रतिवादीला नसून त्याच्या मुलाला आहे, तेव्हा तो बजावणी ठरेल असे मी म्हणत नाही. 'आम्हाला काहीच ठाऊक नव्हते' हे वाक्य मात्र तुमच्या घरातून आता कोणाला शपथेवर उच्चारता येणार नाही, आणि खोटी शपथ घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

येथवरचे सगळे मी बचाव कसा लंगडा आहे हे सांगण्यासाठी लिहिले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. समजा यजमानांचे म्हणणे बरोबर ठरले आणि बजावणी सदोष निघाली, तरी त्यातून मिळणार काय? मालक दुसरे समन्स काढतील, एवढेच. आणि यजमानांचे म्हणणे चूक ठरले तर जाणार काय, हे पाहा. कलम १५ मध्ये भाडेकरूला दुसऱ्यांदा सांभाळून घेतले आहे: दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने तोवर येणे असलेले भाडे आणि अनुज्ञेय (कायद्याने लावता येणारी) वाढ, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज, असे सर्व न्यायालयात भरले, पुढे दावा संपेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध निष्कासनाचा, म्हणजे जागेतून काढण्याचा, हुकूमनामा करता येत नाही. म्हणजे कायद्याने अण्णांना नव्वद दिवस दोनदा दिले होते. पहिले नव्वद त्या परत पाठवलेल्या लखोट्यात होते, आणि ते गेले. दुसरे त्या दारावरच्या कागदाने सुरू केले, आणि ते आज चालू आहेत. समन्स टाळणारा भाडेकरू मालकाला अडवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो स्वतःला मिळालेल्या मुदतीवर बसून राहतो.

आकड्यांत बोलू. दोन वर्षांचे भाडे, दरमहा ४५० प्रमाणे, १०,८०० रुपये होते. प्रत्येक महिन्याचे भाडे थकल्यापासूनचे व्याज १५ टक्क्यांनी धरले तर ते साधारण १,७०० रुपयांच्या घरात जाते. कलम ११ मध्ये मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढीचा हक्क आहे; ती किंवा कराचा वाटा मालकांनी रीतसर लावला असेल तर त्याचा हिशेब वेगळा करावा लागेल, आणि दाव्याचा खर्चही धरावा लागेल. तरीसुद्धा, तीन पिढ्यांच्या जागेचा एक धोका ज्या रकमेने टळू शकतो, ती रक्कम तुमच्या गणपतीच्या प्रवासखर्चाहून फार मोठी नाही. मात्र ही मुदत आणि ही रक्कम, दोन्ही बाबतींत न्यायालये काटेकोर असतात. शंभर रुपये कमी पडले, चार दिवस उशीर झाला, आणि मग 'म्हातारा माणूस आहे' म्हणून विनवणी केली, तर त्यावर विसंबता येत नाही. हिशेब वकिलांकडून करून घ्या, संशय असेल तेथे रक्कम थोडी जास्तच भरा, आणि दिवस मोजताना बेलीफ आला त्या दिवसापासून मोजा. तुमच्या पत्राच्या तारखेला ४९ उरले होते. पत्र माझ्यापर्यंत येऊन हे उत्तर छापले जाईपर्यंत त्यातले आणखी काही गेले असतील.

'हजर झालो तर बजावणी मान्य केल्यासारखे होईल का?' हा प्रश्न तुम्ही नेमका विचारला आहे, म्हणून नेमके उत्तर देतो. हजर झाल्यावर 'समन्स मिळालेच नाही' हा वाद व्यवहारात संपतो, हे खरे. पण तो वाद जिंकून हाती काही येत नव्हते, हे वर पाहिलेच. दाव्यातल्या मजकुरावरचा तुमचा एकही आक्षेप हजर झाल्याने कमी होत नाही. भाडे किती, थकले का, मालकांनी घेणे थांबवले का, पूर्वीची नोटीस कायद्याप्रमाणे होती का, हे सर्व कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, मांडता येते. कैफियत द्यायची मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवसांची आहे. ती उलटली आहे. न्यायालय कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, आणि साध्या दिवाणी दाव्यांत ही मुदत अगदी अनुल्लंघनीय नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. या सवलतीचा आधार कैफियतीपुरताच घ्यावा. भाडे भरण्याच्या नव्वद दिवसांना तो लागू आहे अशी समजूत कोणी करून देत असेल तर ऐकू नका.

अण्णांच्या 'आपण कूळ आहोत' या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण कोकणात ही गफलत मी इतक्यांदा ऐकली आहे की तिला रत्नागिरी-सिंधुदुर्गाची स्थानिक म्हणच म्हणावे. कूळ म्हणजे दुसऱ्याची शेतजमीन कसणारा. त्याच्यासाठी १९४८ चा कुळकायदा आहे, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आहे, आणि त्याचे तंटे तहसीलदारांपुढे चालतात. बाजारपेठेतल्या माडीवर भाड्याने राहणारा माणूस कितीही पिढ्या राहिला तरी कूळ होत नाही. तो भाडेकरू असतो आणि त्याचे संरक्षण भाडे नियंत्रण अधिनियमात असते. ते संरक्षणही चांगले भक्कम आहे, पण ते भाडे देणाऱ्याला आणि देण्याची तयारी ठेवणाऱ्याला आहे. शिवाय तो अधिनियम त्याच्या अनुसूचींत (त्याला जोडलेल्या याद्यांत) दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, म्हणून जागा त्या क्षेत्रात येते हे वकील सर्वांत आधी पाहतील. अनुसूचीबाहेरच्या वाडीवस्तीत महिन्याच्या भाडेकरूला १८८२ च्या कायद्याप्रमाणे १५ दिवसांच्या नोटिशीने जागा सोडायला सांगता येते आणि नव्वद दिवसांची ही दोन्ही आवरणे तेथे नसतात.

दाव्यात थकबाकीखेरीज आणखी कारणे असतील तर भाडे भरून ती जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मालकांना स्वतःसाठी जागेची खरी आणि वाजवी गरज आहे, असे म्हटले असेल तर न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करते, आणि त्यात ७८ वर्षांच्या, दुसरे घर नसलेल्या माणसाचे पारडे हलके नसते. जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नाही, असे म्हटले असेल तर अण्णा पावसाळ्यात डोंबिवलीला किती दिवस असतात, हा प्रश्न येईल. त्याची तयारी वीजबिलांवरून होऊ शकते. पण दाव्याची प्रत न वाचता यावर अधिक लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या रोग्याला औषध देणे आहे.

तेव्हा ती प्रत मिळवा. बंबात गेली ती एक प्रत; दावा न्यायालयात जसाच्या तसा आहे. तालुक्याच्या ठिकाणी हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. दाव्याचा क्रमांक ठाऊक नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते. येथे मात्र ते चुकलेले अक्षर उपयोगी पडेल, दोन्ही प्रकारे लिहून पाहा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, सापडला की पुढच्या सगळ्या तारखा डोंबिवलीत बसून दिसतात. वकिलांनी वकीलपत्र दाखल केले की नकलेचा अर्ज करून दाव्याची, सोबतच्या कागदांची आणि बेलिफाच्या अहवालाची नक्कल घ्यावी. एकतर्फी चालवण्याचा किंवा विनाकैफियत आदेश झाला असेल, तर हजर न राहण्याचे कारण सांगून तो रद्द करण्याचा अर्ज द्यावा. कारण खरे ते सांगा: वृद्ध माणूस एकटा होता, घाबरला, त्याला कागदाचा अर्थ कळला नाही. न्यायाधीश अशी माणसे रोज पाहतात. वकिलांचा खर्च पेलण्यासारखा नसेल तर तालुका विधी सेवा समिती बहुधा त्याच इमारतीत असते, आणि १५१०० या क्रमांकावरही मोफत कायदेशीर साहाय्याची चौकशी करता येते.

पुरात गेलेल्या पावत्यांची फार चिंता करू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-खेडच्या बाजारपेठांत काय वाहून गेले हे त्या जिल्ह्यातल्या न्यायालयाला सांगावे लागत नाही. राहण्याचा पुरावा नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या नोंदीत भोगवटादार म्हणून, वीजजोडणीत, शिधापत्रिकेत, मतदारयादीत निघतो. थोरल्या मालकांच्या हयातीतील भाडे दिल्याचा पुरावा अवघड आहे खरा, पण मालकांचीही मागणी बहुधा त्यांच्या पश्चातल्या दोन वर्षांचीच असेल. कलम २६ प्रमाणे भाडे घेताच लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि 'भाडे घ्यायला कोणी आलेच नाही' हे कारण न्यायालयात पांगळे पडते, म्हणून यापुढे भाडे बँकेतून किंवा टपालाने धनादेश पाठवून द्या. मालकांनी लखोटा नाकारला तर परत आलेला लखोटा न फोडता, शेऱ्यासह जपून ठेवा. नाकारलेला लखोटा हा नाकारणाऱ्याविरुद्ध पुरावा असतो, हे अण्णांना या निमित्ताने दुसऱ्या बाजूने कळेल.

तुमच्यासारखे पत्र न लिहिलेले, पण तशाच अडचणीत असलेले वाचक कोकणात पुष्कळ आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. आपल्याकडे बंद घरे फार. गणपती-शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. अशा घरावर समन्स आले तर बेलीफ 'घर बंद' असे लिहितो, दोनचार फेऱ्यांनंतर मालक पर्यायी बजावणीचा अर्ज करतात, आणि न्यायालयाच्या फलकावर व घरावर कागद लावून किंवा त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देऊन बजावणी होते. मुंबईतल्या भाडेकरूला ती जाहिरात कधी दिसतच नाही. नंतर हुकूमनामा कळला, तर कळल्या दिवसापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. अशी पर्यायी बजावणी या मुदतीपुरती रीतसर बजावणी मानली जात नाही. याच कारणाने घरमालकांनाही एक सांगणे आहे: भाडेकरू मुंबईत किंवा पुण्यात असतो हे ठाऊक असताना फक्त कुलूप लागलेल्या घराचा पत्ता देऊन जाहिरातीवर मिळवलेला हुकूमनामा चार वर्षांनी उलटतो, आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. दोन्ही पत्ते द्या, फोन क्रमांक द्या. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची जुनी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. पाठवताना पोच मिळण्याची सोय घेतली आहे की नाही हे पावतीवर पाहा.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची वाट आणखी अरुंद आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, आणि समन्स कसे बजावायचे हे तेथे राज्याच्या भाडे नियंत्रण अधिनियमातच, कलम ४३ मध्ये लिहिलेले आहे: नेहमीच्या बजावणीबरोबरच पोचपावतीच्या टपालानेही समन्स पाठवायचे, आणि टपाल कर्मचाऱ्याचा 'घेण्यास नकार' हा शेरा आला तर बजावणी झाली असे समजून पुढे जाता येते. त्यानंतर ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मिळवली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने भरपाईही द्यावी लागते. त्यामुळे अशा लोकांनी तर लखोटा परत पाठवण्याचा विचारसुद्धा करू नये.

आता अण्णांविषयी. दारावर कागद लागला, तो येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिला, हे त्यांना लागले असावे, आणि बंबात गेला तो कागद नव्हे तर तो अपमान होता असे मला तुमचे पत्र वाचताना वाटले. थोरल्या मालकांबरोबर ते सणावाराला एका पंगतीला बसलेले. त्यांच्या मुलाने वकील लावावा हे त्यांना पटत नाही. त्यांना कायदा समजावू नका. त्यांना एवढेच सांगा की कागद मालकाचा नव्हता, न्यायाधीशांचा होता, आणि न्यायाधीशांनी 'तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देणार नाही, या' असे कळवले होते. पहिल्या तारखेला त्यांना वकिलांनी बोलावले तर तुम्ही किंवा यजमान सोबत जा. पुकारा झाला की उभे राहून नमस्कार करायचा, बाकी वकील बोलतील. एक प्रश्न मात्र त्यांना एकांतात, यजमान समोर नसताना विचारा: त्यांना त्याच माडीवर राहायचे आहे का, की जिना चढणे आता जड जाते आहे? उत्तर दुसरे असेल तर लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत सन्मानाने तडजोड करता येते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो हुकूमनामाच असतो. पण तडजोडीच्या टेबलाशी बसायचे तरी थकबाकी आधी भरून बसा. थकबाकीदार भाडेकरूशी बोलणारा मालक आणि भाडे चुकते केलेल्या भाडेकरूशी बोलणारा मालक यांच्या आवाजात फरक असतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आणि तो व्हॉट्सअॅपवरचा निरोप. यजमानांनी त्याला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावे, वाद न घालता, जुने काही न उकरता: 'तुमचा निरोप मिळाला. अण्णांच्या वतीने वकील लावत आहोत, पुढच्या तारखेला हजर राहू, थकलेले भाडे न्यायालयात भरत आहोत. तुमचा बँकेचा खाते क्रमांक कळवावा, म्हणजे यापुढचे भाडे कोठे पाठवायचे ते वकिलांना विचारून ठरवता येईल.'